इन्स्टाग्राम रील्समुळे मोडी लिपीचा सराव होत नव्हता, शेवटी काय केलं ते

प्रॉब्लेम असा की रात्री जेवणं आटोपून मोडी लिहायला बसायचं म्हटलं की आधी पाच मिनिटं रील्स, आणि मग थेट झोपायचीच वेळ. ॲप काढलं तर ब्राउझरवर चालू. टाइम लिमिट लावली, ती पुढे ढकलता येते. डीॲक्टिव्हेट केलं तर लॉगिन केल्याबरोबर सगळं परत. जाम वैताग आला होता.

चाललं ते असं, क्रम हाच ठेवा. आधी इन्स्टाग्रामवरून आपले फोटो, डेटा उतरवून घ्या, मग अकाउंट्स सेंटर, पर्सनल डिटेल्स, अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल, तिथे डीॲक्टिव्हेशन ऑर डिलीशन, त्यात डिलीट. यानंतर ३० दिवसांत लॉगिन केलं तर डिलीट रद्द करता येतं, म्हणून लगेच ॲप काढा आणि ब्राउझरमधला सेव्ह पासवर्डही पुसा. रात्री फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात.

आणि वही, बोरू, दौत संध्याकाळीच टेबलावर मांडून ठेवा (हे सगळ्यात कामाचं, शोधायला उठलं की गेलंच). मोडीत आधी पूर्ण ओळीची शिरोरेघ मारायची, मग तिच्याखाली अक्षरं जोडत जायचं, बोरू फारसा उचलावा लागत नाही, एकदा हात लयीत आला की फोन आठवतही नाही. बाराखडी झाली, आता जुनी पत्रं वाचायला घेतलीयेत.