रिठा-शिकेकाईचा घरगुती शाम्पू, केसांना सौम्य आणि करायला सोपा

आधी एक स्पष्ट सांगते, कुठलाच शाम्पू टाळूतून नवे केस उगवत नाही. केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतात आणि दिवसाला 50 ते 100 गळणं नॉर्मल आहे. पण टाळू स्वच्छ राहिली, केस कोरडे पडून मधेच तुटले नाहीत, तर जी वाढ होतेय ती टिकते आणि लांबी दिसायला लागते, माझ्यासाठी तरी याच कारणासाठी हा शाम्पू करायची मेहनत वसूल आहे.

खांद्याखालपर्यंत केस असतील तर दोनदा न्हायला पुरेल असं साहित्य: 10-12 रिठे, 8-10 शिकेकाईच्या शेंगा, मूठभर आवळकाठी, एक चमचा मेथीदाणे, जास्वंदीची 7-8 पानं आणि एक लिटर पाणी. हे सगळं काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं, जास्वंद कुणाच्या तरी अंगणात असतेच. शक्यतो अख्ख्या शेंगा आणि अख्खे रिठेच घ्या, तयार पावडरीत काय मिसळलंय कळत नाही आणि ती केसांत अडकून बसते.

रात्री रिठे फोडून आतली काळी टणक बी काढून टाका, फेस सालीतून येतो, बीतून नाही. शिकेकाईचे तुकडे करा, पण कुटत असाल तर नाकाला रुमाल बांधा, नाहीतर शिंका थांबत नाहीत. मग जास्वंद सोडून सगळं स्टीलच्या पातेल्यात भिजत घाला. लोखंडी कढई नको, आवळ्याने पाणी काळंकुट्ट होतं. ज्यांना केस काळे दिसायला हवेत ते मुद्दाम लोखंडातच करतात, ते वेगळं.

सकाळी त्याच पाण्यासकट मंद आचेवर 15-20 मिनिटं उकळा. जवळच उभं राहा, रिठा दुधासारखा उतू जातो आणि मग ओटा पुसत बसावं लागतं. पाणी तपकिरी होऊन थोडं आटलं की गॅस बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, मग हाताने चांगलं कुस्करा. जास्वंदीची पानं याच पाण्यात चोळली की बुळबुळीत गर सुटतो, कंडिशनरचं काम तोच करतो, म्हणून केस कोरडे असतील तर पानं वाढवा आणि रिठे कमी करा.

आता गाळणं, आणि इथेच बहुतेक जण घाई करतात. चहाच्या गाळणीने भागत नाही, जुन्या सुती ओढणीतून किंवा मलमलच्या कापडातून दोनदा गाळा आणि घट्ट पिळा, नाहीतर कण दोन दिवस भांगात दिसत राहतात.

पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस बघा, खाज आली किंवा लाल झालं तर वापरू नका. न्हाताना केस आधी नीट ओले करा, मग टाळूवर थोडं थोडं ओतून बोटांच्या पेरांनी चोळा, नखांनी नाही. फेस बाजारच्या शाम्पूइतका येणार नाही, तो येत नाही म्हणून अजून अजून ओतत राहू नका. तेल चापून लावलं असेल तर दोनदा धुवावं लागेल. डोळे घट्ट मिटा, कारण रिठा भयंकर झोंबतो, गेलाच डोळ्यात तर लगेच भरपूर साध्या पाण्याने धुवा, आणि लहान मुलांना हा लावूच नका. केस कलर केलेले असतील तर आधी एका बटेवर बघा, रंग गडद होऊ शकतो.

यात टिकवणारं काहीच नसतं, त्यामुळे फ्रीजमध्ये काचेच्या बाटलीत चार-पाच दिवस, आंबूस वास आला की सरळ ओतून द्या. मी आठवड्यातून दोनदा न्हाते म्हणजे एकदा केलेला बरोबर संपतो. उरलेला चोथा फेकू नका, चांदीचे पैंजण आणि देवाची चांदीची भांडी त्याने मस्त उजळतात.