डाऊनहिल सायकलसाठी सस्पेन्शन फोर्क कसा निवडावा

फोर्क घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न असतो, "ट्रॅव्हल किती?" (म्हणजे फोर्क पूर्ण दबल्यावर किती मिमी आत जातो) आणि तिथूनच गडबड सुरू होते. 200 मिमीचा फोर्क आणला, पण फ्रेमला बसला नाही, किंवा बसला आणि फ्रेमच फुटली, असं होतं. म्हणून आधी फ्रेम बघा, मग गोव्यात तुम्ही कोणत्या उतारावर जाणार ते बघा, आणि त्यानंतर फोर्कची किंमत विचारा.

पायरी 1 : फ्रेम काय सोसते ते बघा

फ्रेमच्या माहितीपत्रकात तीन गोष्टी शोधा: जास्तीत जास्त किती ट्रॅव्हलचा फोर्क चालतो, डबल क्राऊन चालतो का (तो काय ते पायरी 2 मध्ये), आणि अॅक्सलपासून (चाकाच्या आसापासून) क्राऊनपर्यंतची (फोर्कच्या नळ्या वर जिथे जोडतात त्या भागापर्यंतची) लांबी किती धरली आहे. ही लांबी साधारण 10 मिमीने वाढली की हेड अँगल, म्हणजे हेडट्यूबचा (फ्रेमच्या पुढच्या, हँडल बसणाऱ्या नळीचा) जमिनीशी कोन, अर्ध्या अंशाने कमी होतो. 140 मिमीसाठी बनवलेल्या फ्रेमला 180 मिमीचा फोर्क लावला तर सायकल पुढून उचलली जाते, चढावर पुढचं चाक भरकटतं आणि लांब फोर्कचा सगळा ताण हेडट्यूबवर येतो. असा फोर्क आधीच लावलेला असेल तर फ्रेम धुऊन हेडट्यूब आणि डाऊनट्यूब (तिथून पेडलांकडे उतरणारी नळी) जिथे जुळतात तिथली खालची बाजू टॉर्चने तपासा. रंगावर केसाएवढी आडवी रेघ दिसली तर त्या फ्रेमवर उतारावर जाऊ नका.

दुकानांत माउंटन बाइक म्हणून मिळणाऱ्या स्वस्त सायकलींना बहुधा 80 ते 100 मिमी ट्रॅव्हल, 28 किंवा 30 मिमीच्या नळ्या (फोर्कच्या वरच्या, खालच्या पायांत सरकणाऱ्या) आणि क्विक रिलीज (खटका ओढून चाक काढायची बारीक दांडी) असते. त्या सायकली रस्त्यासाठी आणि कच्च्या वाटांसाठी ठीक आहेत. त्यांना महागडा डाऊनहिल फोर्क लावून त्या डाऊनहिलच्या होत नाहीत.

पायरी 2 : सिंगल क्राऊन की डबल

ज्याच्या नळ्या फक्त हेडट्यूबच्या खाली धरलेल्या असतात तो सिंगल क्राऊन, आणि ज्याच्या दोन्ही नळ्या हेडट्यूबच्या वर आणि खाली अशा दोन्हीकडे पकडलेल्या असतात तो डबल क्राऊन. रॉकशॉक्सचा बॉक्सर आणि फॉक्सचा 40 हे दोन्ही डबल क्राऊन. ट्रॅव्हल 200 मिमीच्या आसपास, वजन पावणेतीन किलोच्या घरात. रॉकशॉक्स झेब आणि फॉक्स 38 हे सिंगल क्राऊन. दोघांच्याही नळ्या 38 मिमीच्या, आणि 170–180 मिमीचा फोर्क सव्वादोन किलोच्या आसपास भरतो.

गोव्यात वर न्यायला लिफ्ट नाही. सायकल गाडीत घालून चोर्ला घाटात न्या, नाहीतर पेडल मारत सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) चढा. उतार बहुतेक आखूड, पण खडबडीत: जांभ्याचे उघडे खडक, चिरेखाणींच्या कडा, सुट्या मुरुमाची वळणं. डबल क्राऊनचं हँडल पूर्ण वळत नाही, कारण नळ्या फ्रेमला टेकतात. चिंचोळ्या वळणांवर हे फार नडतं. म्हणून आमचं स्पष्ट मत असं, की फ्रेम शुद्ध डाऊनहिलची असेल आणि तुम्ही स्पर्धेच्या किंवा बाइक पार्कच्या मार्गांवर जात असाल तरच डबल क्राऊन घ्या. एन्ड्युरो फ्रेमवर (चढ पेडल मारत चढून उतार वेगाने उतरण्यासाठी बनवलेल्या) रोज जांभ्यावरून उतरणाऱ्याला 160 ते 180 मिमी ट्रॅव्हलचा, 38 मिमी नळ्यांचा सिंगल क्राऊन पुरतो. तोही फ्रेमच्या मर्यादेत. (मोले आणि म्हादई अभयारण्यांत वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नका, आणि कुठेही नवी उडी खोदू नका.)

पायरी 3 : जुळवाजुळव

फोर्क 29 इंची चाकाचा घ्यायचा की 27.5 चा, हे पुढच्या चाकावरून ठरतं. मागचं चाक लहान असलं तरी चालतं. 27.5 च्या फोर्कमध्ये 29 चं चाक घालायचा प्रयत्न नको, फोर्क दबला की टायर क्राऊनला लागेल. अॅक्सल (जाडी × हबची रुंदी) सिंगल क्राऊनला बहुधा 15×110 मिमी आणि डबल क्राऊनला 20×110 मिमी असतो. हब (चाकाचा मधला भाग) त्याच मापाचा नसेल तर चाकाचा खर्च आधीच धरा. ब्रेकच्या डिस्कचं माप बघा: डाऊनहिल फोर्कवर 200 किंवा 203 मिमीची डिस्क थेट बसते. डबल क्राऊनची दांडी (हेडट्यूबमधून वर जाणारी मधली नळी) सरळ, सव्वा इंचाहून थोडी कमी म्हणजे 1⅛ इंची असते, आणि हल्लीच्या फ्रेमचा खालचा कप (हेडट्यूबमधल्या बेअरिंगची जागा) 1.5 इंची. मधल्या फरकासाठी रिड्यूसर रेस (माप जुळवणारी कडी) लागते. ती आधीच मागवली नाही तर फोर्क येऊन महिनाभर पडून राहतो.

पायरी 4 : हवा, स्प्रिंग आणि डँपर

हवेच्या फोर्कमध्ये दाब वजनाप्रमाणे बदलता येतो, म्हणून बहुतेकांनी तोच घ्यावा. कॉइल स्प्रिंगचा फोर्क काही शे ग्रॅमने जड, पण सुरुवातीची हालचाल मऊ, आणि जांभ्याच्या बारीक खडखडाटावर हात कमी दुखतात. त्यात एक अट आहे: तुमच्या वजनाची स्प्रिंग फोर्कबरोबरच मागवा. वजन म्हणजे हेल्मेट, बूट, पॅड, पाणी धरून. 70 किलोचा माणूस सामानासह 75 किलोचा होतो.

डँपर म्हणजे फोर्कची हालचाल आवरणारा तेलाचा भाग. त्याला रिबाउंड (दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग) आणि कमी वेगाचं कंप्रेशन (फोर्क सावकाश दबतानाचा विरोध) वेगवेगळं फिरवता येणं ही किमान गरज. लॉकआउट (फोर्क दबणं बंद करणारं बटण) असणं उताराच्या कामाचं नाही, त्यासाठी पैसे देऊ नका.

पायरी 5 : सेकंडहँड घेताना

नवा फोर्क आयात होऊन येतो आणि महाग पडतो, त्यामुळे जुना घेणारे पुष्कळ. तेव्हा दुकानाबाहेर उजेडात हे तपासा:

- नळीवर नख वरपासून खालपर्यंत फिरवा. नख अडकलं तर ओरखडा सीलच्या आड गेल्यावर तेल सांडणारच. नळीच्या मागच्या बाजूला लेप उडून चंदेरी पट्टा दिसत असेल तर आतली बुशिंगं (नळी ज्यांत सरकते त्या कड्या) झिजलेली असतात.
- पुढचा ब्रेक दाबून ठेवा, एका हाताचं बोट नळी आणि सील जिथे भेटतात तिथे टेकवा आणि सायकल पुढे-मागे हलवा. टकटक जाणवली तर बुशिंग सैल आहे. आधी हेडसेट (हेडट्यूबमधली बेअरिंगं) घट्ट असल्याची खात्री करा, नाहीतर दोष भलत्याच्या माथी पडतो.
- सिंगल क्राऊनची दांडी मोजा. समजा हेडट्यूब 110, हेडसेट 15, स्पेसर (दांडीवरच्या कड्या) 10 आणि स्टेम (हँडल धरणारा भाग) 40 मिमी, म्हणजे 175. वरून 3 मिमी मोकळे सोडून 172 मिमी हवी. 160 वर कापलेली दांडी तुमच्या कामाची नाही.
- सिंगल क्राऊन दाबताना क्राऊनमधून कुरकुर येत असेल तर तो नको.
- खालचे पाय बहुतेक फोर्कचे मॅग्नेशियमचे. रंग उडालेल्या जागी पांढरी भुकटी धरली असेल तर खारी हवा आत शिरलेली असते. पेडण्यापासून काणकोणापर्यंत किनाऱ्याजवळ ठेवलेल्या सायकलींना हे नेहमी होतं.

पायरी 6 : सॅग आणि रिबाउंड लावणे

सॅग म्हणजे नुसत्या तुमच्या वजनाने फोर्क किती दबतो ते. फोर्क बसवल्यावर क्राऊनचे बोल्ट टॉर्क पान्याने, छापलेल्या मापाने आवळा. डबल क्राऊनमध्ये हवा काढून फोर्क पूर्ण दाबा आणि टायर खालच्या क्राऊनला लागत नाही ना ते पाहा. हँडल दोन्हीकडे वळवून नळ्यांवरचे रबरी बंपरच फ्रेमला टेकतात ना तेही पाहा. बंपर नसतील तर पहिल्याच पडण्यात फ्रेमला पोचा पडतो.

हवा भरायला शॉक पंप (जास्त दाबाचा छोटा हातपंप) लागतो, साध्या सायकल पंपाने किंवा पेट्रोल पंपावरच्या हवेने काम होत नाही. सुरुवातीचा दाब बऱ्याच फोर्कच्या पायावर वजनानुसार छापलेला असतो. तेवढा भरा आणि हवा दोन्ही कप्प्यांत समान व्हावी म्हणून फोर्क थोडा थोडा दहा वेळा दाबा. कंप्रेशनची बटणं पूर्ण मोकळी करा. मग पूर्ण सामानानिशी पेडलांवर उभे राहा, कोणाला तरी सायकल धरायला सांगा, नळीवरची रबरी रिंग सीलपर्यंत खाली ढकला आणि हळूच उतरा. 180 मिमीच्या फोर्कला 36 मिमी म्हणजे 20 टक्के, ही चांगली सुरुवात. रिंग 50 वर गेली तर हवा वाढवा, 25 वर राहिली तर कमी करा. हे सकाळच्या गारव्यात केलं आणि सायकल उन्हात तापली तर दर 10 अंशांना दाब साधारण 3 टक्के चढतो.

रिबाउंडकडे मात्र नीट लक्ष द्या, जांभ्यावर सगळा खेळ त्याचाच आहे. जांभ्याचा पृष्ठभाग भोकाभोकांचा, धक्के एकामागोमाग एक येतात. रिबाउंड फार हळू असेल तर फोर्क पहिल्या धक्क्यातून सावरण्याआधी दुसरा येतो, मग तिसरा, आणि फोर्क खालीच दबत जातो. चालवणाऱ्याला वाटतं फोर्क कडक आहे, तो हवा कमी करतो आणि दुखणं वाढवतो. एक ओळखीचा उतार घ्या, दर फेरीला रिबाउंडचं बटण दोन क्लिक (फिरवताना जाणवणारे टप्पे) वेगवान करा. चाक उडून हातांना झटका बसू लागला की दोन क्लिक मागे या. सर्वांत मोठ्या उडीलाही शेवटचे 20 मिमी वापरले जात नसतील तर थोडी हवा काढा. वारंवार तळ गाठत असेल तर दाब न वाढवता आत एक व्हॉल्यूम स्पेसर (हवेची जागा कमी करणारा तुकडा) घाला.

पायरी 7 : पावसाळा

लाल माती सीलच्या कडेला बसते, तेलात मिसळते आणि पॉलिश पेपरसारखी नळी घासते. प्रत्येक फेरीनंतर मऊ कापडाने नळ्या पुसा. प्रेशर वॉशर सीलवर मारू नका, पाणी आत जातं. खालच्या पायांचं तेल आणि सील साफ करण्याचं काम बऱ्याच फोर्कना साधारण 50 तास चालवल्यावर सांगितलेलं असतं. जून ते सप्टेंबरमध्ये चालवत असाल तर ते 25–30 तासांवर आणा. पायातलं तेल मॉडेलप्रमाणे 10 ते 40 मिलीच असतं, त्यामुळे थोडंसं पाणीही त्याचा लगेच दुधाळ रंग करतं. सायकल बंद ठेवायची असेल तर आठवड्यातून एकदा रात्रभर उलटी ठेवा, म्हणजे सीलखालच्या स्पंज रिंगा तेलात भिजून राहतील.

फोर्क घेण्याआधी त्याच मॉडेलचे सील, स्पंज रिंगा आणि तेल भारतात मिळतात का, हे विक्रेत्याला विचारा आणि एक संच त्याच दिवशी विकत घ्या.