अंगणातला कडुनिंब: झाड सांभाळताना आणि लाकूड करताना

कडुनिंबाबद्दलच्या बहुतेक तक्रारी दोन चुकांतून येतात. एक तर झाड घराच्या फार जवळ लावलेलं असतं, नाहीतर पाडल्यावर त्याचं लाकूड ओलंच सुताराच्या हाती दिलेलं असतं. अंतर आणि वाळवण या दोन गोष्टी सांभाळल्या, तर इंदूरच्या हवेत एवढं कामाचं दुसरं झाड सापडणं कठीण.

लावताना

आधी रोप नीट ओळखा. नर्सरीत कडुनिंब म्हणून कधी कधी बकाणनिंब हातात येतो. कडुनिंबाच्या पानाला एकच दांडा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना करवती कडांच्या पत्त्या असतात. बकाणनिंबाच्या दांड्याला पुन्हा उपदांड्या फुटतात, फुलं जांभळट येतात आणि फळं पोटात गेल्यास विषारी ठरतात. तो झपाट्याने वाढतो, पण त्याचं लाकूड हलकं असतं आणि कडुनिंबाइतकं टिकत नाही. बियांपासून रोप करायचं असेल तर पिकलेली निंबोळी गर काढून आठ-दहा दिवसांत पेरा. जुन्या बिया उगवत नाहीत.

खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल घ्या. माळव्याच्या काळ्या मातीत पाणी साचतं, आणि कडुनिंबाला दुष्काळ चालतो पण मुळाशी तुंबलेलं पाणी चालत नाही. म्हणून खड्ड्यातल्या मातीत एक तृतीयांश मुरूम मिसळा आणि रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच वरंब्यावर लावा.

आता अंतराचा प्रश्न. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिल-मे महिन्यांत मोकळ्या प्लॉटवर पडणाऱ्या भेगा सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. मोठं झाड उन्हाळ्यात पायाखालचं पाणी ओढून घेतं, त्या बाजूची माती जास्त आकसते आणि भिंतीला तिरकी भेग जाते. मुळं पाया फोडतात असं लोक म्हणतात, पण बहुतेक वेळा पायाखालची माती खचलेली असते. अशा मातीत झाड पूर्ण वाढल्यावर जेवढं उंच होईल तेवढं अंतर पायापासून सोडावं, हा सुरक्षित नियम. कडुनिंबासाठी ते 15 ते 20 मीटर होतं आणि शहरातल्या प्लॉटवर एवढी जागा नसते. निदान 6 मीटर तरी सोडाच. पाया उथळ आणि जुना असेल तर 10 मीटर. घर नवीन बांधत असाल तर इंजिनिअरकडे अंडर-रीम्ड पाइलचा, म्हणजे खालच्या टोकाला फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या खोल खांबांचा पाया मागा. रुरकीच्या सीबीआरआय या इमारत संशोधन संस्थेने तो अशाच मातीसाठी विकसित केला आहे.

याची उलट बाजू फारशी कुणी सांगत नाही. झाड घरापेक्षा जुनं असेल, तर ते पाडल्यावर वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली माती पुन्हा पाणी पिऊन फुगते आणि पाया खालून उचलला जातो. तेव्हा भेगा पडल्या म्हणून घाईने झाड पाडलं, तर पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत भेगा वाढू शकतात. आधी एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. पुष्कळदा फांद्या हलक्या करणं आणि पावसाचं पाणी भिंतीपासून लांब काढणं एवढ्यावर काम भागतं.

ड्रेनेजची लाइन झाडाजवळून जात असेल तर सांध्यांवर लक्ष ठेवा. शाबूत पाइपमध्ये मूळ शिरत नाही. गळक्या सांध्यातून मात्र पाण्याच्या वासाने हमखास शिरतं.

वर्षभर काय काय पडतं

फेब्रुवारी-मार्चमध्ये पान गळतं, आणि पंधरा दिवसांत अंगण भरून जातं. हा पाला जाळू नका. सावलीत वाळवून गव्हाच्या कोठीत दर आठ-दहा इंचांच्या थरावर एक ओंजळ घाला, उरलेला कंपोस्टला द्या. पान पूर्ण वाळलेलं हवं, कारण ओलसर पानाने गव्हाला बुरशी येते. मार्च-एप्रिलमध्ये तांबूस पालवी आणि मोहोर येतो, पाडव्याच्या प्रसादापुरता तर येतोच. खरा त्रास जून-जुलैमध्ये असतो, तेव्हा निंबोळ्या पडतात. त्यांचा गर चिकट असतो, फरशी निसरडी होते, माश्या येतात आणि रात्री वटवाघळं येतात. गाडी झाडाखाली लावायची असेल तर हे दोन महिने दुसरी जागा शोधा.

निंबोळ्या रोज झाडून गोळा केल्या तर त्रासाचं औषध होतं. गर धुऊन बिया सावलीत वाळवा, टरफल काढा आणि आतल्या मगजाची भरड करा. 50 ग्रॅम भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा आणि साबणाचं थोडं पाणी घालून संध्याकाळी फवारा. जास्वंदीवरच्या मव्यावर याचा चांगला उपयोग होतो. अर्क त्याच दिवशी वापरा, कारण उन्हात त्याची शक्ती लवकर जाते.

छाटणी

डिसेंबर-जानेवारीत करा, पालवी फुटण्याच्या आधी. शेंडा उडवून झाडाचं मुंडकं करू नका. त्या जागी धुमाऱ्यांचा झुपका फुटतो, तो खोडाला वरवरच चिकटलेला असतो आणि चार-पाच वर्षांनी वादळात सोलून निघतो. एका वर्षात एकूण पसाऱ्याच्या चौथाईपेक्षा जास्त काढू नका.

जाड फांदी तीन कापांत काढावी. खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश काप घ्या, त्याच्या दोन इंच पुढे वरून काप घेऊन फांदी पाडा, आणि मग उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर कडेच्या बाहेर कापा. खालचा काप चुकवला तर फांदी पडताना सालीचा पट्टा खोडावरून ओढून नेते. ती कड कापली तर जखम भरत नाही आणि आत पोकळी सुरू होते. जखमेला डांबर फासू नका. खोडाभोवती निदान एक मीटर जागा पेव्हर ब्लॉकशिवाय मोकळी ठेवा.

पाडायचंच असेल तर

आपल्या अंगणातलं असलं तरी झाड आपल्या मर्जीने पाडता येत नाही. मध्य प्रदेशात शहरी भागासाठी 2001 चा वृक्ष परिरक्षण कायदा लागू आहे आणि परवानगी नगर निगमच्या वृक्ष अधिकाऱ्याकडून घ्यावी लागते. अर्जासोबत झाडाचे आणि धोक्याच्या जागेचे फोटो जोडा. लाकूड गाडीतून न्यायच्या आधी वाहतूक परवान्याची चौकशी वन विभागात करून घ्या.

पाडण्याची सर्वांत चांगली वेळ डिसेंबर-जानेवारी. तेव्हा कापून लगेच चिरलेली एक इंची फळी पावसाच्या आधी वाळून निघते. वादळात मे-जूनमध्ये पडलेलं झाड मिळालं तर वेळ आपल्या हातात नसते, मग घाई करावी. ओंडका पावसात महिनाभर पडला की सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात काळसर-निळे डाग आणि किडा दोन्ही शिरतात.

ओंडका बघताना आणि मोजताना

हातोडीने वर-खाली ठोकून बघा. जुन्या कडुनिंबाचं खोड आतून पोकळ निघणं अगदी सामान्य आहे, आणि बद्द आवाज आला तर तेवढा भाग सोडून द्या. शहरातल्या झाडात खिळे, तारा आणि पाट्यांचे हुक सालीखाली गिळलेले असतात. आरा मशीनवर त्यांनी पट्टा तुटतो, म्हणून अशा ओंडक्याला बरेच मशीनवाले हातच लावत नाहीत. कापलेल्या टोकावर निळा-काळा डाग दिसला तर जवळपास लोखंड आहे असं समजा. आत शिरलेल्या लोखंडाने लाकूड असंच काळवंडतं. खोडाचा खालचा पाच फुटांचा भाग मेटल डिटेक्टर फिरवून बघणं चांगलं.

टालवर, म्हणजे लाकडाच्या वखारीत, मोजणी घेराने होते. मधला घेर इंचांत घ्या, चारने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, लांबीच्या फुटांनी गुणा आणि 144 ने भागा. घेर 48 इंच आणि लांबी 6 फूट असेल तर 12 गुणिले 12 गुणिले 6 भागिले 144, म्हणजे 6 घनफूट. खरं घनफळ 7.6 घनफुटांच्या आसपास असतं. या पद्धतीत ते एक पंचमांशाहून थोडं जास्तच कमी धरलं जातं, कारण चिराईतली घट त्यातून वजा होते. लाकूड विकताना हे लक्षात असू द्या. चांगल्या फळ्या साधारण अर्ध्याच निघतात.

चिरताना

कडुनिंब हा महोगनीच्या कुळातला. गाभ्याचं लाकूड ताजं कापलं की लालसर दिसतं आणि हवा लागल्यावर तपकिरीकडे झुकतं. वाळलेला घनफूट साधारण 20 ते 22 किलो भरतो, म्हणजे सागवानापेक्षा थोडा जड. गाभ्याला वाळवी सहजासहजी लागत नाही. हा गुण फक्त गाभ्याचा आहे, पांढऱ्या लाकडाचा नाही. कडुनिंबाच्या पलंगाला कीड लागली तर बहुधा त्यात पांढरी पट्टी राहून गेलेली असते.

अवगुण रेषेत आहे. रेषा एका थरात डावीकडे आणि पुढच्या थरात उजवीकडे अशा एकमेकींत अडकून वाढतात, त्यामुळे फळी वाळताना पीळ धरते. म्हणून मधलं भेंड, म्हणजे खोडाच्या ऐन केंद्रातला मऊ भाग, फळीत येऊ देऊ नका. ओंडका भेंडातून दुभागा, भेंडाच्या दोन्ही बाजूंचा एकेक इंच काढून टाका आणि फळ्या शक्यतो अशा घ्या की टोकावरून बघितलं तर वर्तुळाच्या रेषा फळीच्या पृष्ठभागाला उभ्या दिसतील. रुंदी सहा इंचांवर नको. एक इंची तयार फळी हवी असेल तर सव्वा इंच चिरा, कारण पीळ रंध्याने काढताना पाव इंच जातोच.

वाळवताना

लाकूड बिघडतं ते इथेच, म्हणून इथे कसर करू नका. चिरल्याच्या दिवशीच टोकांना ऑइल पेंटचे दोन हात द्या किंवा वितळलेलं मेण लावा. टोकातून पाणी सगळ्यात लवकर उडतं, आणि रंग न लावलेली फळी दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंच फाटते.

फळ्यांत पांढरं लाकूड ठेवावं लागत असेल तर याच वेळी औषध द्या. दहा लिटर कोमट पाण्यात 300 ग्रॅम बोरॅक्स आणि 200 ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवा, ओल्या फळ्या दहा मिनिटं बुडवा आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा. ओल्या लाकडातच औषध आत झिरपतं, वाळलेल्याला ते वरवरच बसतं. पावसात ते धुऊन जातं, म्हणून हा उपाय फक्त घरातल्या सामानासाठी. हातमोजे घाला, आणि पोळपाट किंवा चमच्याच्या लाकडाला हे औषध अजिबात नको.

मग थप्पी लावा. जमिनीपासून फूटभर उंच, पत्र्याखाली, बाजू मोकळ्या. दोन थरांमध्ये पाऊण इंच जाडीच्या कोरड्या पट्ट्या दर दीड फुटावर ठेवा, आणि वरपासून खालपर्यंत प्रत्येक पट्टी एका ओळीत आली पाहिजे. ओळ चुकली तर फळी तिथे वाकते आणि पुन्हा सरळ होत नाही. वर विटांचं किंवा दगडांचं भरपूर वजन द्या, पीळ त्यानेच दबून राहतो. एप्रिल-मेमध्ये इंदूरची लू फार कोरडी असते. पश्चिमेच्या बाजूला बारदान लटकवा, नाहीतर वरचा पापुद्रा आधी वाळून बारीक भेगा पडतात.

जानेवारीत लावलेली एक इंची फळी मेच्या शेवटी तयार होते. चौकटीच्या दोन-अडीच इंची लाकडाला वर्षाहून अधिक वेळ लागतो. अंदाजावर विसंबू नका. फळीच्या मधून दोन इंचांचा तुकडा कापा, वजन करा, ओव्हनमध्ये 103 अंशांवर वजन उतरणं थांबेपर्यंत ठेवा. आधी 276 ग्रॅम आणि नंतर 240 भरला तर फरक 36, म्हणजे ओल 15 टक्के. घरातल्या सामानासाठी 10 ते 12 टक्के हवी.

काम करताना

दाराची चौकट, पलंगाच्या पट्ट्या, पाट, चौरंग, देवघर यांना कडुनिंब चांगला. कोरीवकामही घेतो. पुरीच्या जगन्नाथाच्या मूर्ती कडुनिंबाच्याच लाकडाच्या असतात, आणि 2015 च्या नवकलेवरातही त्याच लाकडाच्या नव्या घडवल्या गेल्या. कपाटाची रुंद दारं मात्र करू नका, ती पिळतात. आरशासारखं पॉलिश हवं असेल तरीही दुसरं लाकूड बघा. याची छिद्रं मोठी असतात, फिलर भरल्याशिवाय चमक येत नाही. जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात त्याला जास्त शोभतात.

रंधा एका दिशेने गुळगुळीत चालतो आणि चार इंचांवर रेषा उपटतो. पातं धारदार आणि काप कागदाइतका पातळ ठेवा. तरीही उपटलं तर तिरका रंधा मारा आणि शेवटी स्क्रेपरने ओढा. खिळा सरळ ठोकला तर टोकाजवळ लाकूड फाटतं, आधी खिळ्यापेक्षा बारीक भोक पाडा.

फळ्या जोडून केलेली एक फूट रुंद जोडफळी रेषेच्या आडव्या दिशेने उन्हाळा ते पावसाळा यात 3-4 मिलिमीटर हलेल असं धरून चाला. पाटाच्या खालच्या पट्ट्या म्हणूनच पूर्ण लांबीवर फेविकॉलने चिकटवू नयेत. मधला स्क्रू घट्ट बसवा, दोन्ही टोकांच्या स्क्रूंसाठी पट्टीत लांबट भोकं पाडा आणि वॉशर घालून स्क्रू सरकेल इतपतच आवळा.