शाळेतल्या उपक्रमाची चाचणी घेताय? या चुका टाळा

"आमच्याकडच्या मारामाऱ्या निम्म्यावर आल्या," असं मुख्याध्यापक सांगतात आणि संस्थेचा अहवाल छापायला जातो. सोलापुरातल्या शाळांमध्ये मुलांच्या वर्तनाच्या उपक्रमांची आकडेवारी जमवणं हे माझं काम. असं वाक्य कानावर आलं की मी आधी विचारतो, पहिली मोजणी कधी केली होती? जूनमध्ये पोरं उधळलेलीच असतात. दिवाळीपर्यंत ती वर्गाला सरावतात, आणि हे काहीच न केलेल्या शाळेतही होतं. तुलनेची शाळा ठेवली नसेल तर श्रेय उपक्रमाचं की नुसत्या चार महिन्यांचं, हे सांगता येत नाही.

"सगळ्यात खोडकर दहा द्या"

उपक्रमासाठी संस्था शाळेकडे मुलं मागते ती अशी. यात दोन खड्डे आहेत. ऐन भरातल्या खोडीच्या दिवसांत निवडलेलं पोर पुढच्या खेपेला जरा शांत दिसणारच. दुसरा खड्डा जास्त वाईट. खोडकरांचा वेगळा गट केला की ती एकमेकांना दाद देऊन आणखी बिघडू शकतात. मदतीनं नुकसानही होतं, हे अमेरिकेत फार पूर्वी दिसलंय. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज-सॉमरव्हिल प्रकल्पात 1939 पासून मुलांना समुपदेशन, शिकवणी, उन्हाळी शिबिरं असं बरंच काही दिलं गेलं. तीसेक वर्षांनी गुन्हेशास्त्रज्ञ जोन मॅकॉर्ड यांनी त्यांचा माग काढला, तर मदत मिळालेल्यांचीच गत काही बाबतींत जास्त वाईट निघाली. नाणं उडवून, मदत न मिळणारा दुसरा गट ठेवलेला होता म्हणून हे कळलं. नाहीतर मोठी झालेली त्यातली बहुतेक मुलं 'फार उपयोग झाला' असंच सांगत होती.

एकाच शाळेत अ आणि ब

ही चूक माझी स्वतःची. खेळ असा: वर्गाचे गट पाडायचे, कुणी नियम मोडला की त्या गटापुढे फळ्यावर खूण, कमी खुणा असलेले गट जिंकले. हा खेळ अमेरिकेत 1969 मध्ये पहिल्यांदा तपासला गेला. आम्ही तो अ तुकडीत लावला आणि ब तुकडी तुलनेला ठेवली. तिसऱ्या आठवड्यात ब मध्ये डोकावलो, तर फळ्याच्या कोपऱ्यात चार खाने आणि त्यात खुणा! बाई म्हणाल्या, "पोरांनीच मागितला हो. मधल्या सुट्टीत अ वाल्यांनी सांगितलं, मग आमच्यात का नाही म्हणून बसली." पोरांचं काही चुकलं नाही, माझी चाचणी मात्र तिथंच बुडाली. बाल्टिमोरमध्ये 1985 च्या सुमारास हाच खेळ पहिलीच्या वर्गांत तपासला, तेव्हा काही शाळा अख्ख्या बाजूला ठेवल्या होत्या. चिठ्ठ्या तुकड्यांच्या नव्हे, शाळांच्या टाका.

शाळांच्या चिठ्ठ्या टाकल्या की हिशोबही शाळांचाच धरावा लागतो. 10 शाळा, प्रत्येकी 40 मुलं, म्हणजे 400 मुलं? नाही. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात. हे साम्य 0 ते 1 मध्ये मोजतात. ते 0.05 इतकं धरलं तरी 1 + (39 × 0.05), म्हणजे 2.95 नं भागावं लागतं (39 म्हणजे 40 वजा एक). उरते 136 मुलांइतकीच माहिती. 'नमुना मोठा आहे' म्हणणाऱ्यांना मी हे गणित फळ्यावर करून दाखवतो. शाळा वाढवा, त्याच शाळेतली मुलं वाढवून फार काही हाती लागत नाही.

गुण देणारा कोण?

वर्षभर राबलेल्या बाईंनीच मुलांची प्रश्नावली भरली, तर सुधारणा दिसणारच. त्यात लबाडी नसते, माया असते. कुठल्या शाळेत काय चाललंय हे ज्याला माहीत नाही, त्याच्याकडून भरून घ्या. अशा कामात ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांची मुलांच्या वर्तनाबद्दलची 25 प्रश्नांची प्रश्नावली बरीच वापरतात. उत्तरं तीनच: खरं नाही, थोडं खरं, अगदी खरं. तरी भाषेत घोळ होतोच. सोलापूरजवळ कुंभारीच्या घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, एक आई सुपातल्या पानात तंबाखू भरून विडी वळत होती. मी मराठीत विचारत होतो, ती सासूशी तेलुगूत बोलून उत्तर देत होती. हात थांबत नव्हते, आणि सगळ्याला उत्तर एकच: "थोडं खरं." तो कागद मी बाद केला. तेलुगू, कन्नड, उर्दू येणारा माणूस सोबत नसेल तर सोलापुरात घरोघरी जाऊ नका.

झालाच नाही, तर फसला कसा?

बिहारच्या नालंदा जिल्ह्यात 74 शाळांच्या चाचणीत एकच उपक्रम दोन प्रकारे दिला गेला, आणि काही शाळा तुलनेला ठेवल्या. काही ठिकाणी प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकाकडून, काही ठिकाणी शिक्षकाकडून. 2018 मध्ये निकाल आला: समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी घटली, शिक्षकांच्या शाळांत फरक दिसला नाही. आपल्याकडे शिक्षकाच्या माथी निवडणूक, सर्वेक्षण, शिष्यवृत्ती सगळंच असतं. म्हणून किती तास ठरले आणि किती झाले, याची वही आधी ठेवा.

शेवटच्या मोजणीला गैरहजर असलेल्यांना गाळू नका, ज्यांच्यासाठी उपक्रम आखला तीच मुलं बहुधा त्यांत असतात. ऊसतोडीला घरच्यांसोबत गेलेलं पोर पटावर आहे ना, मग ते हिशोबातही हवं. आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आठवड्यात मोजणी लावू नका. अर्धा वर्ग जत्रेच्या होम मैदानावर पाळण्यात असतो.