क्लायंट रजिस्ट्रेशन अडलंय? ‘फोर्स’ मारण्याआधी या चुका टाळा

सबस्क्रिप्शन मॅनेजमेंटच्या साधनात (लिनक्स मशीनला विक्रेत्याकडून पॅकेज आणि अपडेट मिळावेत म्हणून ते वापरतात) मशीन रजिस्टर झालं नाही की बहुतेक ॲडमिन आधी एकच करतात: त्याच कमांडला ‘फोर्स’ जोडून पुन्हा एंटर. बऱ्याचदा एरर जातेही, म्हणून ती सवयच पडते. पण एरर गेली म्हणजे बिघाड गेला असं नाही. कधीकधी तो गुपचूप दुसऱ्या मशीनवर जाऊन बसतो.

खालची उदाहरणं मुख्यतः रेड हॅटच्या सबस्क्रिप्शन-मॅनेजरची आणि त्याच्या सॅटेलाइट सर्व्हरची (संस्थेतली अनेक मशीन एका जागेवरून सांभाळणारा सर्व्हर) आहेत. इतर साधनांत नावं बदलतात, भानगडी साधारण याच असतात.

आधी रजिस्ट्रेशनमध्ये काय घडतं ते पाहू. तुम्ही युजरनेम-पासवर्ड किंवा ॲक्टिव्हेशन की (पासवर्डऐवजी द्यायचा, आधी बनवून ठेवलेला कोड) देता. सर्व्हर या मशीनच्या नावाने एक नोंद उघडतो, तिला एक यूयूआयडी (इतर कोणाचा नसलेला ओळख क्रमांक) देतो आणि ओळखपत्र म्हणून एक सर्टिफिकेट पाठवतो. ते सर्टिफिकेट आणि त्याची खाजगी की मशीनवर सर्टिफिकेट ठेवायच्या पीकेआय फोल्डरच्या ‘कन्झ्युमर’ उपफोल्डरमध्ये बसतात. इथून पुढे पासवर्ड कोणी विचारत नाही, सगळे व्यवहार या सर्टिफिकेटवर चालतात. त्यामुळे एरर आली की तीनच प्रश्न असतात: मशीनवरची ओळख चुकीची आहे, सर्व्हरवरची नोंद चुकीची आहे, की मधला रस्ता बंद आहे? आरएचएसएम डॉट लॉग (आरएचएसएम म्हणजे रेड हॅट सबस्क्रिप्शन मॅनेजर) ही फाइल उघडली की उत्तर बहुधा तिथेच सापडतं. स्क्रीनवर दिसते ती एक ओळ, लॉगमध्ये कोणत्या सर्व्हरला काय विचारलं आणि काय उत्तर आलं ते सगळं असतं.

क्लोनवर ‘अनरजिस्टर’ किंवा ‘फोर्स’

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कोणीतरी रजिस्टर केलेल्या मशीनचं टेम्प्लेट (साचा) बनवतं आणि त्यातून दहा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे क्लोन, उभी राहतात. दहाही जणांकडे एकच सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरच्या लेखी ते एकच मशीन. पोर्टलवर एकच नोंद दिसते, तिचं होस्टनेम सकाळी एक आणि दुपारी दुसरंच. मग क्लोनवर रजिस्टर करायला गेलं की ‘ही सिस्टम आधीच रजिस्टर आहे’ असा निरोप येतो.

इथे माणूस ‘अनरजिस्टर’ करतो. ही कमांड फक्त मशीनवरचं सर्टिफिकेट पुसत नाही, सर्व्हरवरची नोंदही काढून टाकते. ती नोंद मूळ मशीनचीही असते! नव्या आवृत्त्यांत ‘फोर्स’सुद्धा नवी नोंद करण्याआधी जुनी ओळख अनरजिस्टर करून पाहतो, म्हणजे परिणाम तोच. क्लोन छान रजिस्टर होतो आणि मूळ मशीनला मात्र ‘४१० गॉन’ मिळू लागतं: या यूयूआयडीची नोंद डिलीट झाली आहे. तेही लगेच कळत नाही. पार्श्वभूमीला चालणारी आरएचएसएमसर्टडी ही सेवा मूळ सेटिंगनुसार दर २४० मिनिटांनी सर्टिफिकेट तपासते. गडबड दिसेपर्यंत तुम्ही दुसऱ्याच कामात असता आणि या दोन गोष्टींचा संबंध कोणाच्या डोक्यात येत नाही.

क्लोनवर वापरायची कमांड आहे ‘क्लीन’. ती फक्त त्या मशीनवरची ओळख पुसते, सर्व्हरला हातही लावत नाही. त्यानंतर साधं ‘रजिस्टर’. आणि टेम्प्लेट गोठवण्याआधीच ‘क्लीन’ केलं असेल तर हा सगळा प्रकार उद्भवतच नाही.

उलट परिस्थितीही येते. मशीन नव्याने इन्स्टॉल केलं, सर्व्हरवरची जुनी नोंद शाबूत आहे. तेव्हा नवी नोंद करून पसारा वाढवू नका. पोर्टलवरून जुना यूयूआयडी घ्या आणि ‘कन्झ्युमर आयडी’ हा पर्याय देऊन रजिस्टर करा, जुनीच ओळख परत मिळते.

सॅटेलाइटवर ‘डीएमआय यूयूआयडी आधीच वापरात आहे’ अशी तक्रार आली तर तिचं मूळ वेगळं असतं. तो यूयूआयडी हार्डवेअरकडून किंवा हायपरव्हायझरकडून (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून) येतो. आधी सॅटेलाइटमध्ये त्याच मशीनची जुनी, मेलेली होस्ट-नोंद पडून आहे का ते बघा. असेल तर ती काढा. खरोखरच दोन मशीन तोच यूयूआयडी सांगत असतील, तर एकावर आरएचएसएमच्या ‘फॅक्ट्स’ फोल्डरमध्ये छोटी फाइल ठेवून वेगळा यूयूआयडी देता येतो.

सूसे लिनक्सवाल्यांसाठी: तिथेही क्लोनचं दुखणं हेच. तिथल्या रजिस्ट्रेशनच्या साधनाला, सूसेकनेक्टला, ‘क्लीनअप’ हा पर्याय आहे, तो चालवून मग नव्याने रजिस्टर करा. सॉल्टवर (अनेक मशीन दुरून सांभाळणाऱ्या साधनावर) चालणाऱ्या सूसे मॅनेजरमध्ये शिवाय ‘मशीन-आयडी’ फाइलही प्रत्येक मशीनची वेगळी हवी, नाहीतर दोन मिनियन (सॉल्टने सांभाळलेली मशीन) एकमेकांच्या जागेवर हक्क सांगतात.

४०१ (ओळख पटली नाही) आला की पासवर्डच चुकला असं धरून बसणं

पासवर्ड बरोबर असतो, पण तो कमांडच्या ओळीतच टाइप केलेला असतो. त्यात डॉलरचं किंवा उद्गारवाचक चिन्ह असलं की शेल (कमांड वाचणारा प्रोग्राम) त्याचा भलताच अर्थ लावतो आणि सर्व्हरकडे तिसरंच काहीतरी पोचतं. पासवर्ड ओळीत देऊच नका. कमांड स्वतः विचारते, तेव्हा द्या. हिस्टरीतही तो उरत नाही.

ॲक्टिव्हेशन की वापरताना ऑर्ग आयडी (संस्थेचा ओळख क्रमांक) द्यावाच लागतो, आणि ऑर्ग आयडी म्हणजे अकाउंट नंबर नव्हे. दोन्ही आकडेच असल्याने गल्लत होते. सॅटेलाइटवर तिथल्या संस्थेचं ‘लेबल’ लागतं, नाव नाही. नावात स्पेस असेल तर लेबलमध्ये तिच्या जागी अंडरस्कोर असतो. सॅटेलाइटने बनवून दिलेली लांबलचक कर्ल (वेबवरून माहिती आणणारं साधन) कमांड टीमच्या नोट्समध्ये जपून ठेवणारेही पुष्कळ. तिच्यातल्या टोकनची मुदत मूळ सेटिंगमध्ये ४ तासांची असते. पुढच्या आठवड्यात ती चालणार नाही, नवी बनवून घ्या.

‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड’ आणि ‘इनसिक्युअर’चा मोह

कॉन्फिग फाइलमध्ये ‘इनसिक्युअर’ची किंमत १ केली की ही एरर जाते. करू नका, कारण मग समोर कोणता सर्व्हर आहे याची खातरजमाच होत नाही.

आधी घड्याळ बघा. जुन्या स्नॅपशॉटवरून उठवलेल्या मशीनची वेळ मागे राहिलेली असेल, तर सर्व्हरचं चांगलं सर्टिफिकेट तिला ‘अजून लागू न झालेलं’ वाटतं. क्रोनी (वेळ जुळवणारी सेवा) चालू आहे का आणि वेळ जुळली आहे का, एवढं तपासायला अर्धं मिनिट लागतं.

वेळ बरोबर असेल तर सीए सर्टिफिकेट (ज्याच्या भरवशावर सर्व्हरचं सर्टिफिकेट खरं मानतात ते) बघा. मशीन एका सॅटेलाइटवरून दुसऱ्यावर किंवा थेट रेड हॅटकडे हलवताना जुनं ‘कटेल्लो-सीए-कन्झ्युमर’ पॅकेज तसंच राहतं. त्यामुळे आरएचएसएमच्या कॉन्फिग फाइलमध्ये जुन्याच सर्व्हरचं नाव असतं आणि भरवसाही जुन्याच सीएवर. ते पॅकेज काढा, फाइलमधलं होस्टनेम बघा, मगच नव्या सर्व्हरचं सीए बसवा.

प्रॉक्सी फक्त शेलमध्ये

‘कर्ल चालतं, मग रजिस्ट्रेशन का नाही?’ कारण तुमच्या शेलमधली प्रॉक्सीची (इंटरनेटकडे नेणाऱ्या मधल्या सर्व्हरची) व्हेरिएबल सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने चालवणारी कमांड) बहुधा पुढे जाऊ देत नाही, आणि पार्श्वभूमीच्या सेवेला ती कधीच दिसत नाहीत. प्रॉक्सीचं नाव आणि पोर्ट आरएचएसएमच्या कॉन्फिग फाइलमध्येच लिहा.

रजिस्ट्रेशन झालं, पण पॅकेज उतरवताना ४०३ (परवानगी नाही) येतो? मग ट्रॅफिक उघडून तपासणाऱ्या प्रॉक्सीवर संशय घ्या. सीडीएन सर्व्हर, म्हणजे पॅकेज पुरवणारा सर्व्हर, मशीनकडे क्लायंट सर्टिफिकेट मागतो. प्रॉक्सीने मध्येच टीएलएस (सुरक्षित जोडणी) तोडलं की ते पुढे पोचत नाही. रेड हॅटचे सबस्क्रिप्शन आणि सीडीएन हे दोन्ही सर्व्हर ४४३ पोर्टवर त्या तपासणीतून वगळायला नेटवर्कवाल्यांना सांगा. सीडीएन विसरलं जातं, हे नेहमीचंच.

जी एरर नाही तिच्यामागे लागणं

रजिस्टर केल्यावर ‘स्टेटस’ पाहिलं आणि ‘डिसेबल्ड’ दिसलं, म्हणून पुन्हा सगळं पुसून सुरुवात करणारे बरेच आहेत. सिंपल कंटेंट ॲक्सेस (प्रत्येक मशीनला वेगळं सबस्क्रिप्शन न जोडता पॅकेज मिळण्याची सोय) चालू असलेल्या खात्यावर तिथे ‘डिसेबल्ड’च दिसतं. तिथे वेगळं ‘अटॅच’ही करायचं नसतं, ऑटो-अटॅच केलंत तर विनंती दुर्लक्षित केल्याचा निरोप येतो आणि तो योग्यच आहे. खरी खात्री करायची तर ‘आयडेंटिटी’ने यूयूआयडी येतो का पाहा आणि चालू रेपोंची (पॅकेजच्या साठ्यांची) यादी रिकामी नाही ना तेवढं बघा.

रेपो दिसतात पण ४०४ (सापडलं नाही) येतो, तर ‘रिलीज’ एखाद्या जुन्या उप-आवृत्तीवर अडकवलेलं आहे का ते तपासा आणि ते अनसेट करा. ‘रेडहॅट डॉट रेपो’ फाइल हाताने दुरुस्त करू नका, साधन ती स्वतः पुन्हा लिहितं. बदल टिकवायचा असेल तर ‘रेपो-ओव्हरराइड’ वापरा.

एवढं करूनही अडलंच तर सपोर्टकडे स्क्रीनशॉट पाठवू नका. ‘आरएचएसएम-डिबग सिस्टम’ चालवा, ती कॉन्फिग, लॉग आणि सर्टिफिकेटची माहिती एका टार फाइलमध्ये गोळा करते. ती जोडा, आणि त्याआधी ‘फोर्स’ चालवला असेल तर तेही तिकिटात लिहा.