जेटिंगवाल्याला फोन करण्याआधी पाणी मोजा

मागच्या वैशाखात आमच्या जुळे सोलापुरातल्या अपार्टमेंटची ड्रेनेज लाईन तुंबली. जेटिंगचं मशिन, म्हणजे पाण्याच्या जोरदार धारेनं पाईप साफ करणारं, आलं, माणसं आली, चेंबर उघडले, आणि पंचवीस मिनिटांत टाकीतलं पाणी संपलं. होज पाईप चाळीस फूट आत, अंगणात काळा राडा, बारा घरांची माणसं गॅलरीत नाकाला पदर-रुमाल लावून उभी. मशिनवाल्याबरोबरचा पोरगा माझ्याकडं बघून म्हणाला, "काका, मशिन पाण्यावर चालतंय, वाऱ्यावर नाही." सेक्रेटरी मी. पाण्याचा वार मीच चुकवलेला. आता पुन्हा एकदा हे काम करून घेतलंय, नीट झालंय, म्हणून लिहितो.

पहिलं पाणी. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे इथं कुणाला सांगायला नको. काही दिवसांआड येतं आणि मधेच कुठं पाइपलाईन फुटली की तेही पुढं सरकतं. तर जेटिंगवाल्याला तारीख देताना भिंतीवरचं कॅलेंडर नव्हे, पाण्याची पाळी बघायची. आणि पाणी येणार त्याच दिवशी बोलवायचं नाही. त्या दिवशी सगळी घरं कपडे, अंथरुणं, पायपुसणी धुवायला काढतात, लाईनीत वरून धो-धो पाणी येत असतं, काम होत नाही. आदल्या दिवशी तर नाहीच नाही, तेव्हा हौद तळाला गेलेला असतो. मी तेच केलं होतं. दुसऱ्या दिवशी बोलवा. टाक्या भरलेल्या, धुणी उरकलेली. आणि पाळी खरोखर आली का हे पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला विचारून मगच मशिनवाल्याला पक्कं सांगा.

किती पाणी? घरगुती कामाला येतं ते चाकांवरचं छोटं मशिन मिनिटाला साधारण पंधरा लिटर ओढतं. तासाला नऊशे. म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी तासाभरात कोरडी. आमच्यासारखी चार-पाच चेंबरची लाईन असेल तर दोन तास धरा आणि दोन हजार लिटर फक्त मशिनसाठी बाजूला काढा. घरांच्या वापराचं वेगळं. मोठं मशिन असेल तर याच्या कितीतरी पट लागतं, त्यामुळं फोनवरच विचारा, "मिनिटाला किती लिटर?" उत्तर आलं नाही तर दुसरा माणूस बघा. गाडीवरचं मोठं मशिन स्वतःची टाकी घेऊन येतं, पण शुक्रवार पेठेच्या, साखर पेठेच्या बोळात ती गाडी वळणार कुठं?

पाणी अर्ध्यात संपलं तर नुसता वेळ जातो असं समजू नका. नोझलला, म्हणजे पाईपच्या टोकाला बसवलेल्या तोटीला, मागच्या अंगाला भोकं असतात, त्यातून मागं सुटणाऱ्या पाण्याच्या जोरावरच पाईप पुढं सरकतो आणि सुटलेला गाळ मागं वाहून आणतो. पाणी थांबलं की सुटलेला गाळ जागच्या जागी बसतो, आणि पहिल्यापेक्षा घट्ट बसतो. पंप कोरडा फिरला तर त्याची सीलं जातात, ते बिल कुणी भरायचं यावर भांडण होतं. आमच्याकडं झालं. मशिनवाल्यानं पूर्ण दिवसाचे पैसे घेतले, आणि खरं सांगायचं तर त्याचं चुकलं नव्हतं. ऐनवेळी टँकरला फोन केला तर "संध्याकाळी बघू." तेव्हा टँकर सांगून ठेवायचा असेल तर आदल्या दिवशीच सांगा.

पाणी नुसतं असून भागत नाही, ते मशिनपर्यंत पोचलं पाहिजे. बागेचा अर्धा इंची पाईप लावला की मशिन घशाला कोरड पडल्यासारखं खरखरायला लागतं. पाऊण इंची किंवा एक इंची पाईप ठेवा. तो पाईप पिण्याच्या हौदात कधीही सोडू देऊ नका, ड्रेनेजच्या मशिनचा पाईप कुठं-कुठं लोळून आलेला असतो. मधे एक मोठा बॅरल ठेवा. हौदातून मोटरीनं बॅरलमध्ये, बॅरलमधून मशिनला. बोअरचं पाणी चालतं, पण आमच्या बोअरला वाळू येते म्हणून बॅरलच्या तोंडाला जुन्या धोतराचं दुपदरी फडकं बांधलं. तासाभरानं फडक्यात मूठभर वाळू होती. ती नोझलच्या भोकात गेली असती तर काम तिथंच संपलं असतं.

आता चेंबर. मशिनवाला आल्यावर चेंबर शोधायला लागू नका, तो तासावर पैसे घेतो. शहाबादी फरशीखाली, पेव्हर ब्लॉकखाली, कुणाच्या तरी कायमच्या लावलेल्या गाडीखाली एक चेंबर असतोच असतो. बिल्डरचा नकाशा मिळाला तर बघा, पण त्यावर विसंबू नका. आदल्या दिवशी पहार घेऊन सगळी झाकणं एकदा हलवून सैल करून ठेवा आणि परत नीट बसवा. उघडी ठेवून झोपू नका, पोरं-कुत्री फिरतात.

झाकणं उघडलीच आहेत तर बघून घ्या, कुठला चेंबर भरलाय आणि कुठला रिकामा. तुंबलंय ते भरलेला शेवटचा आणि रिकामा पहिला यांच्या मधे. आमच्याकडं तिसरा काठोकाठ, वर तेलाचा पिवळट थर, त्यात शेंगदाण्याची टरफलं तरंगत होती. चौथ्यात कोरड्या तळावर झुरळं. म्हणजे तिसरा ते चौथा. पाईप रिकाम्या चेंबरमधून वरच्या दिशेनं घालायचा, म्हणजे गाळ उताराला तुमच्याकडं येतो आणि तिथं काढता येतो. पहिल्या वेळी घाई करणाऱ्यानं भरलेल्या बाजूनं घातला होता, गोळा पुढं ढकलला जाऊन रस्त्याकडच्या वळणात रुतला. चौथ्या चेंबरमधून बाहेर जाणाऱ्या पाईपच्या तोंडाला वरूनच जाळी किंवा फावडं आडवं धरायला एक माणूस लागतो. नाहीतर हा सगळा ऐवज रस्त्यावरच्या लाईनीत जातो, आणि मग ती तुंबली की महापालिकेच्या झोन ऑफिसला तक्रार करायलाही आपणच.

पाईप कसला आहे ते आठवा. नव्या इमारतीत चार इंची, म्हणजे ११० मिलिमीटरचा पीव्हीसी असतो. जुन्या वाड्यात आणि बंगल्यात चिनी मातीचे पाईप, सिमेंटच्या जोडांचे. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, हे जोड हलवत राहते, आणि फटीतून पिंपळाची-कडुनिंबाची मुळं आत शिरतात. अशा पाईपवर पहिल्यापासून पूर्ण जोर लावू देऊ नका. छोट्या मशिनचा दाब शंभर ते दीडशे बार असतो. कारच्या टायरमध्ये दोन-अडीच बार हवा असते, त्यावरून अंदाज करा. माझ्या मेहुण्याच्या घरी, पूर्व भागात, पाईपमधून टॉवेलच्या सुताची हातभर लांब वळकटी निघाली. मागच्या खोलीत यंत्रमाग, मोरीतच धुवायचं काम. तिथं जोरापेक्षा कापणारं नोझल लागतं, साधं नाही. फोनवर सांगा काय तुंबलं असावं.

ऍसिड. आधी दोन-तीन दिवस कुणी ऍसिड किंवा कॉस्टिक ओतलं असेल तर मशिनवाल्याला सांगा, लाजू नका. ते चेंबरमधून त्याच्या तोंडावर उडतं. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी "थोडंसंच" ओतलं होतं, हे काम सुरू होताना कळलं.

यापुढचं नीट वाचा. चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही. "पाच मिनिटं वाकतो काका, हातानं काढतो," असं कुणी म्हणालं तरी नाही. आत कुजलेल्या घाणीचा वायू असतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो, आणि माणूस तिथंच बसतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही. २०१३ च्या कायद्यानं अशी धोक्याची सफाई माणसाकडून करून घेणं बंद केलंय, करून घेणाऱ्यालाही शिक्षा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्या माणसाच्या घरच्यांना तीस लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. पण पैशाचा आणि कायद्याचा विचार नंतर. उतरवायचं नाही म्हणजे नाही. गाळ लांब दांड्याच्या फावड्यानं काढा, जेवढा निघेल तेवढा.

चालू पाईपचं तोंड लाईनीबाहेर काढू देऊ नका. पाण्याची ती धार कातडीत घुसते. वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं, आत सगळं सडतं. असं झालं तर हळद लावून बसू नका, थेट हॉस्पिटल.

घराघरांना सांगणं. आदल्या संध्याकाळी व्हॉट्सऍपवर, आणि ज्यांच्याकडं नाही त्यांच्या दारात जाऊन: उद्या दहा ते एक संडास-बाथरूम-सिंक वापरायचं नाही, वॉशिंग मशिन लावायचं नाही. खालच्या मजल्याला जास्त सांगा. जेटिंगचा दाब आला की त्यांच्या नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे बाथरूमच्या मोरीच्या, जाळीतून काळं पाणी कारंज्यासारखं वर येतं. जाळीवर ओलं पोतं, त्यावर वीट किंवा पाटा. कमोडचं झाकण बंद आणि वर बादली. आमच्या तळमजल्यावरच्या काकूंची देवघराची खोली बाथरूमला लागून आहे. पहिल्या वेळी त्यांना सांगायचं राहिलं. त्या अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

आणि सगळ्यांना हेही सांगा की आज पाणी मशिनसाठी आहे. मी दोन हजार लिटर मोजून ठेवलं आणि सकाळी कुणी तरी गाडी धुवायला बसलं तर हिशेब गेला. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह काम सुरू व्हायच्या आधी तासभर बंद केला तरी चालेल, शिव्या खा. सकाळी आठ वाजता झाकण उघडून, काठी बुडवून पाणी कुठवर आहे ते स्वतः बघा. वॉचमननं "भरलंय साहेब" म्हटलं होतं मागच्या वेळी. भरलं नव्हतं.

लाईटचं बघा. मोटरचं मशिन असेल तर सोळा अँपिअरचा सॉकेट, अर्थिंगसकट, वायर पाण्यातून ओढलेली नको. पेट्रोलचं असेल तर बंद पार्किंगमध्ये चालवू नका. उन्हाळ्यात काम सकाळी लवकर लावा, सोलापुरातल्या एप्रिल-मेच्या दुपारी उघड्या चेंबरपाशी माणूस टिकत नाही. पैसे तासावर की कामावर, ते आधी ठरवा. हातमोजे, गमबूट, मशिनवाल्याचेच. घातले नसतील तर त्याला घालायला सांगा, घातल्याशिवाय सुरू करू देऊ नका.

काम झाल्यावर वरच्या चेंबरमध्ये दोन बादल्या पाणी एकदम ओतून खाली पोचतंय का बघा, मगच पैसे द्या. गाळ घमेल्यात, घमेल्यातून पोत्यात, तिथंच कोपऱ्यात टाकून जाऊ देऊ नका. अंगण धुवा, फिनेल टाका. झाकणं बसवा, कडांना सिमेंट नको, पुढच्या वेळी परत फोडावं लागतं.

एक राहिलं. दाबानं सगळ्या घरांच्या ट्रॅपमधलं वास अडवणारं पाणी निघून जातं आणि मग वास आणि झुरळं थेट घरात. प्रत्येक जाळीत, प्रत्येक सिंकमध्ये तांब्याभर पाणी ओतायचं. तोवर टाकी रिकामी झालेली असते, म्हणून तेवढ्यासाठी प्रत्येक घरात एक बादली सकाळीच भरून ठेवायला सांगा.