होम स्टुडिओसाठी मिक्सर घ्यायचा की सॉफ्टवेअरमध्येच मिक्स करायचं? या चुका टाळा

घरातल्या एका खोलीत स्टुडिओ लावायचं ठरलं की सोलापुरात पहिली चर्चा मिक्सरची होते. आठ चॅनेलचा (चॅनेल म्हणजे एका माइकची किंवा वाद्याची वेगळी वाट) घ्यावा की बाराचा? साहजिक आहे. गड्ड्याच्या यात्रेत, गणपतीत, लग्नाच्या मांडवात साउंडवाला आपण कायम मिक्सरपुढेच बसलेला पाहिलाय. पण मांडवात वाजलेलं त्याच क्षणी लोकांच्या कानात जातं, म्हणून तिथे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, हाताशी लागतो. रेकॉर्डिंगमध्ये आवाज आधी स्वच्छ साठवायचा आणि मग निवांत बसून मिसळायचा. त्यामुळे चॅनेल मोजण्याआधी एवढंच ठरवा: तुमच्या खोलीत एका वेळी किती जण गाणार-वाजवणार?

एकटा गायक आणि तयार ट्रॅक, यूट्यूबसाठी निवेदन, कवितावाचन असं काम असेल तर दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात पोचवणारं छोटं खोकं) आणि लॅपटॉप पुरे. मिक्सरची गरज नाही, असं मी स्पष्टच सांगतो. रीपरसारखं रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, आणि घरगुती कामासाठी त्याचं लायसन्स ६० डॉलरला मिळतं. मिक्सरचे वाचलेले पैसे चांगला माइक, हेडफोन आणि खोलीवर घाला.

‘यूएसबी’ लिहिलंय म्हणून सगळे चॅनेल वेगळे मिळतील असं समजणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. यामाहाचा एमजी१०एक्सयू घ्या. मिक्सर उत्तम आहे, पण यूएसबीतून संगणकाकडे दोनच चॅनेल जातात, डावा आणि उजवा. म्हणजे पखवाज, पेटी, टाळ, बुवांचा आवाज सगळं एकत्र कालवून. घरी येऊन ऐकल्यावर पखवाज जास्त वाटला तरी कमी करता येत नाही. बुवा टाळाखाली दबले असतील तर वर काढता येत नाहीत. मिक्सरवर हौसेने दिलेला इकोही कायमचा चिकटतो.

अख्खं भजनी मंडळ एकदम रेकॉर्ड करायचं असेल तर मल्टिट्रॅक मिक्सर बघा: टास्कम मॉडेल १२, झूम लाइव्हट्रॅक एल-१२, साउंडक्राफ्ट सिग्नेचर १२ एमटीके. यांत प्रत्येक चॅनेल संगणकात वेगळा उतरतो. आठ इनपुटचा इंटरफेसही तेच काम करतो. खोक्यावरचा मोठा आकडा बघून भुलू नका. माहितीपत्रकात यूएसबीपुढे किती इन, किती आउट लिहिलंय ते वाचा. मंडळाचे जाहीर कार्यक्रमही तुम्हीच करत असाल, तर असा मिक्सर दोन्हीकडे उपयोगी पडतो आणि तिथे तो घेणं योग्यच.

वेगळे ट्रॅक मिळाले तरी टाळ बुवांच्या माइकमध्ये शिरलेला असतो, आणि तो नंतर स्वच्छ काढता येत नाही. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणारा माइक, मागच्या बाजूने सगळ्यांत कमी उचलतो. म्हणून टाळकऱ्यांना बुवांच्या समोर, म्हणजे माइकच्या पाठीशी, थोडं लांब बसवा. गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) लावताना अभंगाची पहिली ओळ नको, गजर वाजवून घ्या. सुरुवातीला मंडळी जपून वाजवतात, गजराला पोचली की जोर कितीतरी वाढतो. सॉफ्टवेअरच्या मीटरवर सगळ्यांत मोठी थाप उणे १० ते उणे ६ डेसिबलच्या आत राहू द्या. २४ बिटवर (सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधली रेकॉर्डिंगची बारकाई) रेकॉर्ड करत असाल तर पातळी थोडी कमी असली तरी बिघडत नाही. शून्याला टेकली की मात्र आवाज फाटतो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही.

आवाजाच्या ट्रॅकवर म्युझिकही उमटतंय

छोट्या यूएसबी मिक्सरवर हे हमखास होतं. संगणकातून वाजणारा ट्रॅक मिक्सरच्या मेन आउटला येतो, आणि तोच मेन आउट पुन्हा संगणकात रेकॉर्ड होतो. यूएसबीचा परतीचा आवाज मेनला द्यायचा की फक्त हेडफोनला, याचं बटण बऱ्याच मिक्सरवर असतं. ते हेडफोनच्या बाजूला ठेवा.

गायक म्हणतो, ‘मला माझाच आवाज दोनदा येतोय.’ तेव्हा डायरेक्ट मॉनिटर (मिक्सर किंवा इंटरफेसमधून थेट ऐकू येणारा आवाज) आणि सॉफ्टवेअरचं इनपुट मॉनिटर (संगणकातून फिरून येणारा) दोन्ही चालू असतात. एक बंद करा. सॉफ्टवेअरमधूनच ऐकायचं असेल तर बफर (संगणक एका घासात किती आवाज घेतो ते) १२८ सॅम्पलवर आणा. ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाची किती वेळा नोंद होते तो आकडा) यामुळे होणारा उशीर ३ मिलिसेकंदांच्या आसपास असतो, १०२४ वर तोच २३ होतो आणि तालात गाणं अवघड जातं. इंटरफेसचा उशीर याशिवाय, पण मुख्य फरक इथेच पडतो. मिक्स करायला बसलात की बफर पुन्हा वाढवा.

सूर बदलला

गायकाने काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधे कुठेतरी लटकतंय, आणि लयही चढलीय? गळ्याचा किंवा पेटीचा दोष शोधू नका. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ वर वाजतेय. सूर साधारण दीड सेमीटोनने, म्हणजे पेटीच्या दीड पट्टीने चढतो. मिक्सर किंवा इंटरफेस, विंडोज आणि प्रोजेक्ट, तिन्हीकडे सॅम्पल रेट एकच ठेवा.

हम

हम म्हणजे सतत येणारी गुणगुण. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. गुणगुण थांबली तर दोष अर्थिंगच्या वाटेत आहे. सगळी उपकरणं एकाच बोर्डवर घ्या, बॅलन्स्ड केबल (बाहेरची गुणगुण कापणारी) वापरा, पेटीचा किंवा कीबोर्डचा पिकअप डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल माइक इनपुटला जुळवून देणारी डबी) द्या. जुन्या घरात अर्थिंगच नसेल तर वायरमनकडून करून घ्या. थ्री-पिनची अर्थची पिन काढून हम घालवायचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो, आणि आपण दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून बसतो. लॅपटॉप तापतो, प्रोसेसर मंदावतो आणि रेकॉर्डिंगमध्ये टकटक येते. इंटरफेस खराब झाला असं समजून दुकान गाठण्याआधी लॅपटॉपखाली हवा खेळू द्या, रेकॉर्डिंगच्या वेळी प्लगइन (सॉफ्टवेअरमधले इको वगैरे इफेक्ट) बंद ठेवा, जमलं तर पहाटे काम करा.

भिंतीवर सोलापुरी चादरी लावणारे खूप आहेत. लावाच, पण भिंतीपासून चार बोटं सोडून. आणि त्यांच्याकडून काय होतं ते ओळखून. टाळाची चरचर, खोलीतला वरच्या पट्टीचा घुमारा चादर मारते. पखवाजाची धूम कोपऱ्यात तशीच राहते. शहराच्या पूर्व भागात घर असेल तर यंत्रमागांची खडखडही चादरीने अडत नाही. लो-कट (खालचे सूर कापणारं बटण) ८०-१०० हर्ट्झवर लावला तर खालची घरघर कमी होते, खडखड मात्र उरतेच. ती कुठल्याही मिक्सरने जात नाही. माग बंद असतील ती वेळ निवडा.

मिक्स मिक्सरवर करून मोकळं होणं

आठवड्याने फोन येतो, ‘कोरस जरा वर घ्या.’ साध्या ॲनालॉग मिक्सरवरच्या बटणांच्या जागा तोवर बदललेल्या असतात आणि तेच मिक्स पुन्हा हुबेहूब जमत नाही. सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट उघडायचं, एक फेडर वर करायचा, झालं. बोटांना फेडर हवाच असेल तर बेहरिंगर एक्स-टचसारखा कंट्रोलर मिळतो. त्यातून आवाज जात नाही, तो फक्त सॉफ्टवेअरचे फेडर हलवतो, हे लक्षात ठेवूनच घ्या.

जुना मिक्सर साउंड सर्व्हिसवाल्याकडून घेत असाल तर हेडफोन लावून एकेक चॅनेल ऐका. प्रत्येक फेडर आणि गेनचं बटण सावकाश फिरवा. थोडी खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते, आवाज तुटत असेल तर तो चॅनेल मेला समजा. कंडेन्सर माइक सोबत न्या आणि ४८ व्होल्ट (कंडेन्सर माइकला लागणारी वीज, फँटम पॉवर) प्रत्येक माइक इनपुटला मिळतायत का ते तिथेच तपासा.